वेणी मामींनी मोडलेला ठराव

वेळच्चेरीच्या त्या बारा घरांच्या इमारतीत गाडीचा चार्जर बसवायला बंदी होती, आणि ती बंदी घालायला लावली होती कृष्णवेणीनेच.

कृष्णवेणी तंजावरकडच्या मराठी घरातली, जुनी बीएस्सी. आवडी गावच्या संरक्षण कारखान्यात तिने एकतीस वर्षं केबली तपासल्या. तिथे उच्च दाबाच्या विजेच्या चाचणीला ती बेधडक उभी राहायची. घरी मात्र गॅसची कळ तीन-तीनदा बघायची. मुलगी वाणी शाळेच्या सहलीला निघाली की ड्रायव्हरला दोन-चार प्रश्न विचारल्याशिवाय ही बसमधून खाली उतरायची नाही. नवरा गुरुमूर्ती म्हणायचा, "हिला काळजी करायला काही मिळालं नाही, तर त्याचीच काळजी लागते."

दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या अनयने असोसिएशनकडे चार्जरची परवानगी मागितली. हा नाशिकचा मुलगा, शोळिंगनल्लूरला नोकरीला. कृष्णवेणीची जुन्या वळणाची मराठी ऐकून हसायचा आणि तिच्या हातची दह्यातली डांगर पच्चडी वाटीभर घेऊन जायचा. पण त्याचा अर्ज आला आणि ती सभेत उठून उभी राहिली. मोठ्या पुरात खालच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी चढलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं. "तिथे वीज खेळवायची? झोपेत जळून मरायचंय का?" ती म्हणाली. जन्मभर केबली तपासलेली बाई सांगतेय म्हटल्यावर कोण काय बोलणार! सेक्रेटरी चंद्रमौळी, रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांनी शब्दन् शब्द वहीत उतरवला. ठराव एकमताने पास झाला. अनय पुन्हा पच्चडी न्यायला आला नाही.

यंदा वाणीने इलेक्ट्रिक गाडी घेतली. तिचं काम सुटे भाग तपासण्याचं. कधी गिंडीतले छोटे कारखाने, कधी श्रीपेरुंबुदूरचा मोठा. वेळेचा काही नेम नाही, त्यामुळे कंपनीची बस उपयोगाची नाही. चार्जिंग हायवेवर. दोन यंत्रं, एकावर कायम 'बंद आहे'चा कागद, दुसऱ्यापुढे रांग. गाडीत बसून राहायचं आणि अंधार पडताना काच ठोठावून "किती किलोमीटर जाते?" विचारणाऱ्यांना उत्तरं द्यायची. बॅटरी भरेपर्यंत इकडे कृष्णवेणी फोन कानाला लावून भाजी चिरायची.

एके दिवशी वाणीने जेवताना हसत हसत सांगितलं, की एक माणूस वीस मिनिटं बॉनेटला टेकून तिच्याकडे बघत उभा होता.

"आणि तू?"

"मी काय करणार? वायर लागलेली. पळणार कुठे?"

वाणीने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "अम्मा, मी श्रीपेरुंबुदूरलाच चार्जर असलेल्या ठिकाणी खोली बघते. एकटीला पुरेल एवढी. इथे चार्जर मिळणार नाही, आणि मला हे रोज नको."

"मी बोलते असोसिएशनशी."

"तू?" वाणी म्हणाली. "अय्यो, अम्मा! ठराव कुणाचा आहे?"

त्या आठवड्यात कृष्णवेणी टेप आणि वही घेऊन पार्किंगमध्ये उतरली. पुराची खूण खांबावर होती. तिच्या वर हातभर माप घेतलं. वीज कार्यालयात जाऊन लोड वाढवायचा अर्ज आणला. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला इतके प्रश्न विचारले, की तो म्हणाला, "मामी, तुम्हीच बसवा ना." मग ती तिसऱ्या मजल्यावर गेली. अनयने दार उघडलं.

"माझं चुकलं रे तेव्हा," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "रविवारी सभेला ये."

"माझ्या वेळी गाडी धोक्याची होती, काकू. आता नाही?"

"बोल, अजून बोल. पण ये."

रविवारी सकाळी पार्किंगमध्येच प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. चंद्रमौळींनी जुनी वही उघडून चष्मा सारखा केला आणि सावकाश वाचलं, "'ज्यांना आपली मुलं प्रिय आहेत, त्यांनी हात वर करावेत.' कुणाचे शब्द हे, मामी?"

"माझेच." लोक हसले. ती बसली नाही. "एकतीस वर्षं मी न तपासलेल्या केबलवर सही केली नाही. इथे मात्र काहीही न तपासता तुमचे हात वर करायला लावले. आता तपासलंय. चार्जरचा खोका पुराच्या खुणेच्या वर. स्वतंत्र अर्थिंग. जरा कुठे वीज गळली, की आपोआप बंद. आणि मुख्य स्विच पहिल्या मजल्यावर, म्हणजे पाणी आलंच तर खाली उतरायलाच नको."

"मुलीची गाडी आली म्हणून तपासलंत ना?" पहिल्या मजल्यावरच्या अलमेलूने टोमणा मारला.

"हो, म्हणूनच. अनयच्या वेळी तपासायला हवं होतं. चूक माझी आहे. तिची शिक्षा वाणीने हायवेवर का भोगायची?"

"वार्षिक सभेत घेऊ," चंद्रमौळी वही मिटू लागले.

कृष्णवेणीने वहीवर हात ठेवला. "सार, वार्षिक सभेला पाच महिने आहेत. तोवर माझी मुलगी खोली घेऊन निघून जाईल. माझ्या बोलण्याला घाबरून तुम्ही एका सकाळीत ठराव केला होता. तो मोडायलाही एक सकाळ पुरे."

"उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"लिहा. कृष्णवेणी गुरुमूर्ती. ठळक लिहा. आणि अनयला जोडणी हवी असेल, तर त्याचीही तपासणी मीच करीन. वीज कार्यालयाचे कागद मिळाले की काम सुरू. तुम्हाला अडवायचं असेल तर इथे, सगळ्यांसमोर, कारण सांगून अडवा."

चंद्रमौळींनी वही पुन्हा उघडली आणि हात वर करायला सांगितलं. पहिला हात गुरुमूर्तीचा वर गेला. आयुष्यात प्रथमच तो सभेत जागा होता. मग अनयचा. मग एकेक करत एकूण सात झाले. अलमेलूने हात वर केला नाही, पण खालीही नीट ठेवला नाही. पदराशी खेळत राहिली. चंद्रमौळींनी आठवा हात म्हणून स्वतःचाच मोजला आणि लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी खोका बसला. पहिल्या संध्याकाळी वाणीने गाडी लावली, वायर जोडली आणि वर जेवायला गेली. खोलीचा विषय त्यानंतर तिने काढला नाही. कृष्णवेणी जेवणाआधी एकदा खाली उतरली, जेवणानंतर एकदा. केबलला हात लावून बघितला: कोमट, जितकी असावी तितकीच. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा चंद्रमौळी फेरी मारून परत येत होते.

"काय मामी," ते थांबून म्हणाले, "भीती वाटते ना?"

"वाटते," कृष्णवेणी म्हणाली. "म्हणून काय झालं?"