तिसऱ्या उन्हाळ्याचा टोमॅटो

डेलबर्ट हॉगनने एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून तिकिटं विकली आणि खिडकीसमोर आलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट ऐकवली: निवृत्त झालो की डोंगर ओलांडून पलीकडच्या कोरड्या पठारावर राहायला जाणार. ओरेगनच्या ओल्या खोऱ्यात छपरावर शेवाळ, गाडीवर शेवाळ, आणखी दोन वर्षं थांबलो तर माझ्या डोक्यावरही उगवेल, असं तो म्हणायचा. लोक हसायचे, पाकीट घेऊन निघून जायचे. डेलबर्ट मात्र बोलल्याप्रमाणे खरोखरच पठारावर जाऊन राहिला, आणि माणसाने बोलल्याप्रमाणे वागलं की काय होतं ते त्याला तिथे गेल्यावर कळलं.

निघताना बायकोने, आर्लिसने, एक अट घातली होती. "तीन उन्हाळे देते तुला. आपल्या मातीत, झाडावर लाल झालेला एक टोमॅटो मला खायला घाल. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सोमवारपर्यंत जमलं नाही, तर सामान बांधायचं आणि परत फिरायचं. मग तोंड वाकडं करायचं नाही."

"एक? टोपलीभर खाशील!" डेलबर्ट म्हणाला. खोऱ्यात त्याच्या परसात टोमॅटो लाथेने बाजूला सारावे लागत.

पहिल्या वर्षी त्याने मे महिन्यात रोपं लावली. शेजारची रामोना त्याच पठारावर गुरं राखून म्हातारी झालेली. ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "समोरच्या सुळक्यावर बर्फ दिसतोय ना? तो जाईपर्यंत इथे कोणी मातीत बोट घालत नाही, बाबा." डेलबर्टने पंचांग दाखवलं. जूनच्या वीस तारखेला हिमकण पडले आणि रोपं उकडलेल्या पालकासारखी मातीवर आडवी झाली. दुसऱ्या वर्षी त्याने सुळका बघून रोपं लावली, पण कुंपण पाच फुटांचं घातलं. खेचरासारख्या लांब कानांची तिथली हरणं ते पाच फूट उंबरठा ओलांडावा तशी ओलांडून आत आली आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सगळं साफ करून गेली. उरलेली मुळं जमिनीखालच्या घुशींनी ओढून नेली.

आणि याच सुमारास डेलबर्टची हौस फिटली. खरं सांगायचं तर त्याला खोऱ्याची आठवण यायला लागली. इथल्या वाऱ्याने ओठ फुटायचे, नाकातून रक्त यायचं, आणि जुनिपरच्या झाडांकडे बघून काय बोलायचं हेच त्याला सुचेना. त्याला चिखल हवा होता. छपरावर रात्रभर वाजणारा पाऊस हवा होता. पण हे बोलायचं कुणाकडे? एकतीस वर्षं ज्याने गावभर टिमकी वाजवली, त्याने आता "चुकलं" म्हणायचं? त्यापेक्षा आर्लिसची अट बरी होती. टोमॅटो पिकला नाही की झालं. दोष हवेचा, हरणांचा, घुशींचा. डेलबर्टचा नाही.

म्हणून तिसऱ्या उन्हाळ्यात त्याने देखावा जोरात केला. आठ फुटी कुंपण घातलं, मुळांभोवती जाळी पुरली, आणि रोज संध्याकाळी फाटक सताड उघडं ठेवायला लागला.

हरणं आली नाहीत. म्हणजे आली, फाटकाबाहेर तंगड्या पसरून रवंथ करत बसली आणि आत ढुंकूनही बघेनात. गेल्या वर्षी याच बयांनी काटेरी गुलाबसुद्धा सोडला नव्हता. डेलबर्ट खिडकीतून हळूच पुटपुटायचा, "अगं जा की आत, तुझ्यासाठीच उघडलंय." पाचव्या दिवशी त्याला कारण सापडलं. फाटकाच्या दोन्ही खांबांना जुन्या पायमोज्यांत भरलेले अंगाच्या साबणाचे तुकडे लटकत होते.

"हे काय?" त्याने विचारलं.

"साबण," आर्लिस म्हणाली. "रामोना म्हणाली, वासाने हरणं येत नाहीत. तू फाटक लावायला विसरतोस हल्ली."

डेलबर्टला भडभडून आलं. बिचारी! हिला इथे यायचं नव्हतं, टोमॅटो पिकला नाही तर परत जायला मिळेल, तरी नवऱ्याचा शब्द राहावा म्हणून साबण चिरत बसली. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने दोन दिवस फाटक लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, ओठ पुन्हा फुटले, आणि लाज ओसरली.

ऑगस्टअखेर झाडावर एकच टोमॅटो राहिला होता, हिरवा, मुठीएवढा. कामगार दिनाला आठवडा होता. दुपारी रामोनाचा फोन आला: "आज चादरी काढा. हिमकण पडणार." पठारावर असा निरोप आला की घरोघर जुन्या चादरी झाडांवर चढतात. पातळ प्लास्टिक कोणी घालत नाही. ते पानाला जिथे चिकटतं तिथे पान करपतं. ही गोष्ट आता डेलबर्टलाही ठाऊक होती. म्हणून त्याने सूर्य मावळायच्या आत निळं प्लास्टिक काढलं आणि टोमॅटोवर अगदी आवळून बांधलं.

"झाकलंस?" आर्लिसने विचारलं.

"चांगलं घट्ट," डेलबर्ट म्हणाला, आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सकाळी तो शोकमुद्रा जमवूनच बाहेर पडला. प्लास्टिक बाकावर नीट घडी घालून ठेवलेलं होतं. झाडावर काठ्या रोवून त्यांच्या पलंगावरची लोकरी चादर ताणली होती, वर आर्लिसचा हिवाळी कोट. चादरीखाली टोमॅटो सुखरूप होता, आणि बुडाशी किंचित केशरी.

सोमवारी तो लाल झाला. आर्लिसने तो तोडला, पायरीवर बसून चाकूने बरोबर मधोमध कापला, मीठ भुरभुरलं आणि अर्धा डेलबर्टपुढे केला. समोर तिने भरून ठेवलेल्या पाण्याच्या परातीवर तुरेवाल्या लावा पक्ष्यांची अख्खी पलटण उतरली होती. आर्लिस रोजच्यासारखी कितीतरी वेळ त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिली.

"जिंकलास," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे," डेलबर्ट म्हणाला. "माझ्या शब्दासाठी तू एवढं केलंस. नसतं केलंस तरी—"

"तुझ्या शब्दासाठी?" आर्लिस हसली. "डेल, फाटकाची कडी आपोआप निघत नाही. आणि तीन वर्षं इथे राहून प्लास्टिक गुंडाळणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याला जायचं असतं. तू वेडा नाहीस."

डेलबर्टने फाटकाच्या कडीकडे बघितलं.

"इथे यायचं ठरवलंस तेव्हा मला विचारलं नाहीस, सांगितलंस. परत जायचं ठरवलंस तेव्हा तर सांगितलंही नाहीस, हरणांना सांगितलंस. पंचेचाळीस वर्षांत एकदा तरी विचार मला, माणसासारखं."

त्याने टोमॅटो खाली ठेवला. पॅन्टला हात पुसले. इतकं अवघड काम त्याने पोस्टातही कधी केलं नव्हतं. मग तो म्हणाला, अगदी हळू, पण मनापासून, "आर्लिस, मला इथे नाही करमत. आपण परत जाऊया का गं?"

आर्लिसचे डोळे भरून आले. तिने त्याचा हात हातात घेतला, त्यावरून अंगठा फिरवला.

"नाही," ती म्हणाली, आणि आपला अर्धा टोमॅटो खायला लागली.