शेजारच्या उदबत्तीची राखण

आमच्या घरी उदबत्ती लावण्याचा प्रघात नाही. आम्ही प्रोटेस्टंट ख्रिस्ती. आमची प्रार्थना धुराविना चालते. त्यामुळे केडगावातल्या आमच्या शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणासाठी जामखेडला निघाल्या आणि घराची किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "सर, सांजच्याला यांच्या फोटोपुढं उदबत्ती तेवढी लावा," तेव्हा मी चष्मा काढून पुसला.

"काकू, समोरच्या वहिनींना सांगितलं असतं तर..."

"ती लावील अन् मालिका बघाया पळंल. घर जळंल माझं. तुमी गॅसचा कॉक दहादा बघनारं मानूस." मग त्यांचा आवाज उतरला. "हे गेल्यापासनं एक सांज चुकली न्हाई, सर. चुकाया नको."

माझी पत्नी आतून म्हणाली, "काकू, निर्धास्त जा. हे उदबत्तीचीही हजेरी घेतील."

काकूंची पद्धत मला सदोष वाटली. त्या उदबत्ती फोटोच्या चौकटीच्या फटीत खोचत. वर प्लॅस्टिकच्या फुलांचा हार, शेजारी पडदा. चौकटीची कड काळवंडली होती. मी तेवढ्यापुरता हार उतरवू लागलो, पडदा बांधला, उदबत्ती वाळू भरलेल्या ताटात रोवली आणि खिडक्या उघडल्या. कोंडलेला धूर कितीही सुगंधी असला तरी छातीला मानवत नाही. पेटती उदबत्ती सोडून उठायचे नाही, हा मुख्य नियम. म्हणून ती विझेपर्यंत मी उघड्या खिडक्यांच्या गारठ्यात स्वेटर घालून समोर बसे. हात जोडले नाहीत. पण फोटोतल्या गृहस्थांकडे पाठही केली नाही. शेवटी राखेवर पाणी शिंपडून ती उचलून टाकत असे.

गल्लीला विषय मिळाला. "सर, आरती कधी?" असे येता-जाता विचारले जाऊ लागले. रविवारी चर्चमध्ये बाकावर शेजारी बसलेल्या एका वडीलधाऱ्यांनी जरा हुंगून विचारले, "काय हो, मोगरा का?"

"चंदन," मी सांगितले.

काकू परतल्या. उंबऱ्यातच थांबून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. घरात कसलाच वास नव्हता. चौकट पुसलेली, ताट घासलेले, राखेचा कण नाही. पुडा संपला म्हणून मी नवा आणला होता. तोही न फोडलेला.

"लावलीच न्हाई व्हय?" त्या फोटोकडे बघत हळूच म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या, सर. तुमच्यात चालत न्हाई, मलाच कळाया पायजे हुतं."

नियम इतके काटेकोर पाळले होते, की माझ्या बाजूने एकही पुरावा उरला नव्हता. मी क्रमवार खुलासा सुरू केला, तोवर पत्नी माझा स्वेटर घेऊन आली.

"काकू, हा हुंगा. याला मी कपाटात ठेवू देत नाही."

काकूंनी स्वेटर नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. "व्हय," त्या म्हणाल्या, "आमचीच हाय." मग त्यांना हसू आले. "अवो सर, घर सोडून समदा वास तुमीच नेला की!"

माझा खुलासा पुरा ऐकून त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून हार उतरवला, पडदा बांधला, ताटात वाळू भरून उदबत्ती रोवली. मी खिडकी सताड उघडली. त्यांनी ती अर्धी लोटली.

"एवढी बास. धूर जाऊ द्या, वास ऱ्हाऊ द्या."

मी सवयीने समोर बसलो.

"जावा आता घरी, सर," काकू पाट ओढत म्हणाल्या. "इझंस्तवर मी बसते."