माझ्या माहेराच्या वाटेकरणी

अक्का गेल्याचं मला हौसानं कळवलं, ही गोष्ट अजून माझ्या घशात अडकून आहे. डिंगोऱ्याला आमच्या शाळेत फोन आला, हेडमास्तरांनी वर्गाच्या दारात येऊन खुणावलं आणि मी खडूनं भरलेले हात तसेच घेऊन ऑफिसात गेले. पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं. मी विचारतेय, कोण, अगं कोण बोलतंय, तर रडणंच. मग म्हणाली, "मावशी, आई गेली." मला आधी वाटलं, हिची आई गेली असेल, ती मला कशाला सांगते… आणि मग तो हौसाचा आवाज ओळखला, ती अक्कालाच आई म्हणायची. माझी सख्खी थोरली बहीण गेली होती आणि तिच्यासाठी माझ्याआधी दुसरीच कुणी रडून मोकळी झाली होती. दाजींनी का नाही फोन केला? भोसरीला कंपनीत असलेल्या भाच्यानं का नाही केला? असली बातमी सांगायचा मान घरच्यांचा असतो.

आमच्याकडे बाईमाणूस गेलं की माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. अक्काचं माहेर म्हणजे मी. आईवडील कधीच गेलेले, भाऊ देवानं दिला नाही. जुन्नरला उतरले, सवाष्णीची म्हणून हिरवी साडी घेतली आणि गाड्या बदलत, घोडेगाव मागं टाकून शिनोलीच्या अलीकडच्या तिच्या गावी पोचले, तोवर दुपार कलली होती. आभाळ भरून आलेलं, गावातली जाणती माणसं घाई करत होती. एक म्हातारबाबा मला फाट्यावरच भेटले, म्हणाले, ती धरणातली बाई, हौसा, कुणाचं ऐकंना. डोक्याशी बसलीय आणि म्हणते, माहेरचं आल्याबिगर हात लावायचा न्हाई. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आत गेले तर अक्काला आंघोळ घालून झालेली, केस विंचरून झालेले, कुंकू लावून झालेलं. ते सगळं माझ्या हातानं व्हायचं होतं. मला उरलं काय, तर वरून साडी पांघरणं.

ही हौसा कोण, हे सांगायचं तर नव्वदच्या सुरुवातीच्या वर्षांत जावं लागेल. धरण भरलं, वरच्या अंगाची गावं पाण्याखाली गेली आणि त्यातली काही घरं सरकारनं अक्काच्या गावच्या गायरानात आणून वसवली. मधे एक ओढा. ओढ्याच्या अलीकडे गाव आणि पलीकडे पत्र्याची वसाहत. हौसा त्या वसाहतीतली सून, तेव्हा कोवळी पोर होती. गायरान गेलं म्हणून गाव आधीच धुमसत होतं. त्यात घोडेगावच्या एका संस्थेची माणसं यायला लागली. वसाहतीतल्या लोकांची रेशनकार्डं बदलून दे, पोरांचे दाखले आण, हापसा बसवून दे, असं त्यांचं काम चालायचं. दर मंगळवारी नर्सबाई येणार, गरोदर बायकांना तपासणार, तर तेवढ्यासाठी एक पक्की खोली हवी होती. गावात कुणी देईना. अक्कानं दिली.

कुठली दिली, तर अंगणाकडची. ती खोली माझी होती. माझी दोन्ही बाळंतपणं तिथं झाली, सुट्टीला गेले की माझी पिशवी तिथल्याच खुंटीला लागायची. पुढच्या खेपेला जाते तर खुंटीवर तक्ता टांगलेला, खाली वजनकाटा आणि माझ्या बाजेच्या जागी रेक्झीनचं टेबल. मी म्हटलं, अगं मला विचारलंस तरी का? अक्का तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुला आता बाळंत व्हायचंय का?" मी माझी पिशवी घेऊन स्वयंपाकघरात भांड्यांच्या फळीखाली झोपले आणि दोन दिवस मुद्दाम कण्हत राहिले.

गावाचं दुखणं माझ्यासारखंच होतं, म्हणून त्या दिवसांत गावातल्या बायकांशी माझं फार जमायचं. वसाहतीला नर्स, वसाहतीला हापसा, आम्ही काय पाप केलं? सरपंच तर चावडीवर उघड म्हणाले, "आमचं घर पाण्यात गेलं न्हाई, ह्यो आमचा गुन्हा झाला का?" मला ते वाक्य इतकं पटलं की मी डिंगोऱ्याला येऊन चार घरी सांगितलं. पण गंमत बघा, त्याच सरपंचांची सून पोटुशी राहिली तेव्हा सासूबाई तिला परसदारानं घेऊन अक्काकडे आल्या, नर्सबाईंनी जरा बघावं म्हणून. नर्सबाईंनी बघितलं. पुढच्या मंगळवारी पाटलांची धाकटी आली, तीही परसदारानंच. वर्षभरात परसदार झिजलं आणि बायका पुढच्या दारानं यायला लागल्या, वसाहतीतली आणि गावातली एकाच ओसरीवर बसून नंबराची वाट बघायची. वसाहतीच्या पोरांमुळे शाळेचा पट वाढला आणि बदलून जाणार होते ते दुसरे गुरुजी राहिले. फाट्यावर एसटी थांबत नसे, ती थांबायला लागली. शिक्षिका म्हणून हे सगळं मला नीट कळतं. बहीण म्हणून मला ते कळून घ्यायचं नव्हतं आणि अजूनही फारशी इच्छा नाही.

कारण खरी आग पंचमीची होती. पहिल्या वर्षी नागपंचमीच्या आधी अक्का ओढ्यावर धुणं घेऊन गेली, तर पलीकडच्या कातळावर वसाहतीतल्या सुना गप्प बसलेल्या. हिनं हटकलं, का गं, माहेराला जायची तयारी न्हाई का? हौसा म्हणाली की माहेरचं गाव पाण्यात गेलं आणि माहेरच्या माणसांना जमीन मिळाली पार दुसऱ्या तालुक्यात. तिथं त्यांनाच डोक्यावर छप्पर नाही, लेकींना कोण नेतंय. बाकीच्यांची तीच कथा. अक्का धुणं तसंच ओलं घेऊन घरी आली आणि दाजींना म्हणाली, बैल जुंपा. का, तर लेकी आणायच्यात. आता तो ओढा असा की चपला हातात घेतल्या की माणूस पलीकडं. हाक मारली तर ऐकू येईल एवढं अंतर. पण लेक काय स्वतःच्या पायानं माहेराला येते होय? तिला मुऱ्हाळी लागतो, घरचा माणूस न्यायला यावा लागतो. बैलगाडी ओढ्यातून जाईना, म्हणून दाजी फेटा बांधून, गाडीला धडपं अंथरून, पार फरशीच्या पुलावरून वळसा घालून वसाहतीत गेले आणि त्या बायांना मिरवत आणलं. वाटेत सगळं गाव दारात उभं राहून हसत होतं.

त्याच दिवशी मी डिंगोऱ्याहून गाड्या बदलत, पिशवी सांभाळत, फाट्यावरून चिखल तुडवत आले. मी दारात, तर अक्काचा आवाज आतून आला, आलीस का सुमे, हातपाय धू आणि पुरणाला बस. त्या सगळ्या पाटावर बसलेल्या, त्यांच्या पायांवर पाणी घातलेलं, भाकरतुकडा ओवाळून टाकलेला. आणि मी, या घरची खरी माहेरवाशीण, त्यांच्यासाठी दिंडं वळत चुलीशी. हौसानं मला पहिल्याच दिवशी मावशी केलं, विचारलंसुद्धा नाही. त्या दुपारी जुन्नरचे बांगडीवाले चाचा आले. पूर्वी एवढ्या लांब कशाला यायचे? पण अक्काच्या ओसरीवर इतके हात एका जागी मिळतात कळल्यावर ते दरसाल यायला लागले आणि मग गावातल्या बायकांनाही घोडेगावला जायची गरज उरली नाही. चाचांनी सगळ्यांना एकाच हिरव्या रंगाच्या भरल्या. मी म्हटलं, मला दुसऱ्या दाखवा. चाचा हसून म्हणाले, "लेकींच्या बांगड्या सारख्याच असत्यात, बाई." मी रिकाम्या हातानं परत आले, पण त्यांच्यासारख्या हिरव्या भरल्या नाहीत.

हे दरवर्षी. बैलगाडी जाऊन पुढं टेंपो आला, तो हौसाच्याच नवऱ्याचा, रामदासचा. पण मुऱ्हाळी दाजीच आणि वळसा तोच. यानं गावात एक वेगळीच भानगड झाली. धरणातल्या पोरी माहेराला निघतात आणि आपल्या सुना खुरपणीत वाकलेल्या, हे सासवांना चारचौघींत सांगायला जड जायला लागलं. ज्या घरात सुनेला पंचमीला कधी सोडलं नव्हतं, त्या घरातून रजा मिळायला लागली. एका सुनेनं मला सांगितलं की तुमच्या अक्कांमुळं मी आई जिती असताना तिला भेटले. मी तिला बरं म्हटलं, आणि मनात म्हटलं, अक्कानं सगळ्या तालुक्याला माहेर दिलं, एक मी सोडून.

एका वर्षी मी तोंड फोडलंच. सगळ्या गेल्यावर, भांडी विसळताना. म्हटलं, अक्का, मला न्यायला कधी आलं कुणी? ती म्हणाली, "तुला कशाला न्यायला पायजे? तू न बोलवता येती. ज्यांचं काय न्हाई, त्यांना बोलवाय लागतं." मी म्हटलं, शहाणपण नको शिकवू, मला गाडी पाहिजे. ती हसली नाही, मीही हसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दाजी टेंपो घेऊन दारात. मी हरखले. तर दाजी म्हणतात, चला, अक्कानं सांगितलंय, फाट्यापर्यंत सोडून येतो. म्हणजे आणायला नाही, घालवायला! त्या दिवशी एसटीत मी इतकी फणफणले की कंडक्टरनं सुट्टे न मागता तिकीट दिलं.

मग वर्षं गेली. नर्सबाईंचं सरकारी उपकेंद्र झालं, संस्थेची माणसं दुसरीकडे गेली, वसाहतीत पत्र्याच्या जागी विटा आल्या. ओढ्यावर साकव झाला आणि पलीकडची पोरं अलीकडच्या घरांत जेवायला लागली, कोण कुठलं हे नवीन माणसाला सांगता येईना. अक्का थकली. शेवटच्या आजारपणात मी शनिवार-रविवारी जायची, हौसा रोज. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी हौसाला विचारायचं, कुठली गोळी कधी ते मी हौसाला विचारायचं. एकदा मी अक्काच्या उशाशी बसले होते, तिनं डोळे न उघडता हात धरला आणि म्हणाली, हौसा, सुमीला चहा दे. मी हात काढून घेतला नाही. चहा मात्र मीच केला.

यंदाची पंचमी अक्का जाऊन महिना झाल्यावर आली. दुःखाचं वर्ष, सण करायचाच नव्हता. मी ठरवलं होतं, जायचं नाही. आता तिथं कोण आहे माझं? दाजी आहेत, पण माहेर बहिणीचं असतं, तिच्या नवऱ्याचं नसतं. सकाळी मी अंगणात केर काढत होते, तर दारात रामदासचा टेंपो उभा राहिला. पुढच्या सीटवरून दाजी उतरले. काठी टेकत, फेटा बांधून. एवढ्या लांबून, त्या वयात. दाजी म्हणाले, "चल सुमे, न्यायला आलोय."

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. म्हटलं, दाजी, अक्कानं सांगून ठेवलं होतं का, जायच्या आधी? माझी इतकी इच्छा होती की त्यांनी हो म्हणावं, खोटं का होईना. पण दाजींना आयुष्यात खोटं बोलता आलं नाही. म्हणाले, "न्हाई गं. ती कुठं बोलत व्हती शेवटी. हौसानं धाडलं मला. म्हणली, मावशीला कुणी आणायला जात न्हाई, आवंदा तुमी जावा." म्हणजे इतकी वर्षं चुलीशी पाठमोऱ्या बसलेल्या मला ती पाटावरून बघत होती. माझ्या बहिणीला जे दिसलं नाही, ते हिला दिसलं. मी साडी बदलली आणि टेंपोत बसले. गाडी सबंध वाटेत कुठं थांबली नाही.

अक्काच्या दारात उतरले. सण नव्हता, रांगोळी नव्हती, दिंडं नव्हती. उंबऱ्याच्या आत हौसा तांब्या घेऊन उभी. ती आता केस पिकायला लागलेली बाई झालीय, हे मला त्या दिवशी दिसलं. भाकरतुकडा ओवाळून तिनं बाहेर टाकला आणि मग माझ्या पायांवर पाणी घालायच्या आधी तांब्या तिरका करून थोडंसं स्वतःच्या मनगटावर घेतलं. अक्काचं होतं ते. कोण येवो, लेक की बाळंतीण की नुसती ओळखीची, पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघायची, मग पायावर घालायची. मी तिच्या पाठीला पाठ लावून आलेली, पण माझ्या हाताला हे कधी लागलं नाही. हौसाच्या हातात ते जसंच्या तसं होतं… कोपर बाहेर काढून, मान जरा कलती करून. माझ्या अंगाचा भडका उडाला. ही माझ्या बहिणीची सवय घेऊन बसली होती आणि मी तिच्याकडून मागून आणू शकत नव्हते. पाणी पायांवर पडलं. हवं तेवढंच कोमट होतं. मला रडू फुटलं, तर ती म्हणाली, रडू नका मावशी, आई बघती वरून. मी तिला म्हटलं, "थांबू नको. अजून थोडं घाल."