घड्याळ काढून ठेवणारा मास्तर

माझ्या चित्रकथेतला मास्तर कधी ओरडत नाही. तो मनगटावरचं घड्याळ काढतो, टेबलावर ठेवतो आणि हळूच विचारतो, "कोण बोललं?" मग तो ज्या मुलाकडे बघतो, त्याचा आवाज कायमचा जातो.

हा मास्तर मी निव्वळ कल्पनेतून काढलेला नाही. लहानपणी नांदगावला आम्ही ज्या सरांकडे शिकवणीला जायचो, ते दादाला मारण्याआधी असंच घड्याळ काढून ठेवायचे. दादा सहावीत होता, मी दुसरीत. सतरंजीवर बसून मी नुसती बघत राहायचे.

पुस्तकावर सिनेमा करायचं ठरलं तेव्हा दिग्दर्शक नाशिकला आले. गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात भेटलो. चहा यायच्या आत ते म्हणाले, "मॅडम, हा माणूस फारच भीतिदायक आहे. लोक पोराबाळांना घेऊन येणार. जरा सौम्य करू या."

"म्हणजे कसा?"

"ढेरपोट्या, विसरभोळा. लहानपणी त्याच्यावरही अन्याय झालेला. शेवटी त्याला रडू येतं, मुलं मिठी मारतात."

"आणि घड्याळ?"

"ठेवू की! सारखं हरवतं त्याचं. लोक हसतील."

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण माझं पुस्तक घरोघरी पोचेल, या मोहापायी मी सही केली.

सिनेमा लागल्यावर दादाला आग्रह करून मीच बोलावलं. तो दिंडोरीला द्राक्षबाग बघतो. आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आला. पडद्यावर मास्तर घड्याळ शोधत टेबलाखाली शिरला, त्याचं डोकं आपटलं आणि सगळं थिएटर खदखदून हसलं. भाचीही हसली. मी दादाकडे पाहिलं. त्याने उजवा हात मांडीखाली घट्ट दाबून धरला होता. छड्या त्याच हातावर बसायच्या.

मध्यंतरात मी विचारलं, "निघू या का रे?"

"नको. बघू दे तिला."

शेवटी मुलांनी मास्तरला मिठी मारली, टाळ्या वाजल्या. दिवे लागायच्या आत दादा उठून बाहेर गेला.

तिथून ते दोघं माझ्या घरी आले. घरी भाचीने कपाटातून ते पुस्तक काढलं. मी घाईने हात पुढे केला, तसा दादा म्हणाला, "राहू दे. वाचू दे."

ती वाचत होती आणि आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. पानं उलटण्याचा वेग कमी कमी होत गेला.

"आत्या, हा तो नाहीये."

"हाच तो," दादा म्हणाला. "खरा असाच होता. मला मारायचा."

"मग तुम्ही घरी नाही सांगितलं, पप्पा?"

"सांगितलं होतं ना. तुझ्या आजोबांना."

"मग?"

"ते म्हणाले, सर तुझ्या भल्यासाठीच मारतात. दुसऱ्या दिवशी स्वतः मला तिथे सोडून आले."

दादा घरी कधी काही बोललाच नाही, असंच मी धरून चालले होते. पुस्तकातल्या मुलांचे आईवडील मी साधेभोळे, काहीच माहीत नसलेले काढले होते. दिग्दर्शकाच्या नावाने मी महिनाभर बोटं मोडत होते; पण बाबांना मी त्याच्याही आधी सौम्य करून टाकलं होतं.

भाचीने पुस्तक मिटलं आणि ती दादाला चिकटून बसली. तो तिला एकेक सांगत गेला. त्यातलं अर्धं मीही पहिल्यांदाच ऐकत होते.