माझे कपडे लंकेतच आहेत

मी पेंटर. चित्रांचा नाही, भिंतींचा. चौथीत मास्तर माझ्या बापाला म्हणाले, "ह्याला घरी ठेवा, ह्याच्या नादाने बाकीची पोरं हसून हसून नापास होतील." बापाने ठेवला. तो घरी ठेवलेला मी वसईतून उडालो तो थेट मस्कतला, अल अमेरातच्या नव्या घरांना रंग फासायला.

राहायला रुवीत होतो. एका खोलीत पाच जण. त्यातला एक लंकेचा, मासेमाराचा मुलगा, गॅरेजमध्ये कामाला. त्यांच्याकडे धाकट्या भावाला मल्ली म्हणतात, म्हणून आम्ही सगळे त्याला मल्लीच म्हणायचो. मला तो अय्या म्हणायचा, म्हणजे दादा. आयुष्यात मला दादा म्हणणारा हा पहिला. घरी सगळे "ए" म्हणायचे.

मल्लीची एक अडचण होती. तो पहिल्या अर्बाबकडून, म्हणजे मालकाकडून, पळालेला. पासपोर्ट त्या अर्बाबकडे, आणि हा कागदाशिवाय गॅरेजात गाडीखाली लपलेला. त्याला घरी जायचं तर आधी पोलिसाकडे जावं लागणार. म्हणून तो दरवर्षी आईला फोनवर सांगायचा, पुढच्या वर्षी येतो.

मग माझ्या अर्बाबने धंदा बंद केला. दुसरा अर्बाब मला घ्यायला तयार होता, पण तेव्हाची पद्धत अशी की जुना व्हिसा खलास करून देशाबाहेर जायचं, नवा निघाला की परत यायचं. लोक गावी जाऊन बसायचे. मला ते जमणार नव्हतं. गल्फवाला गावी गेला की सगळी आळी अंगणात उभी राहते. कुणाला साबण, कुणाला सेंट, कुणाला टॉर्च. आणि मी रिकाम्या हाताने मध्येच उगवलो की बायको दारातच विचारणार, "काढला काय रे तुला?"

मल्ली म्हणाला, "अय्या, मेरा घर जाओ ना. एअरपोर्ट के बाजू में है. अम्मा बहुत खाना देगा. उधर से व्हिसा का फॅक्स आया तो वापस आओ."

मी म्हटलं, वा. मग तो खाली बघत म्हणाला, "खाली एक बॉक्स लेके जाओ."

गल्फमध्ये "खाली एक बॉक्स" म्हणजे फ्रिजएवढा पुठ्ठा. दुधाची पावडर, साबण, बाम, ब्लँकेट, आईला चपला. माझ्याकडे बॅग नव्हती. मी हुशारी केली. माझे सगळे कपडे, दाढीचं सामान, टॉवेल, त्याच बॉक्समध्ये तळाला घातलं. म्हटलं बाटल्यांना गादी होईल आणि आपण हात हलवत राजासारखे जाऊ. मी बॉक्सवर बसलो आणि मल्लीने निळ्या दोरीने तो बांधला. जाळ्याच्या गाठी मारल्या, घट्ट. आमच्या आळीत पण कोळी आहेत, पण असल्या गाठी मी बघितल्या नव्हत्या.

बांधता बांधता त्याने मला लंका शिकवली. बुद्धाकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. जेवायला नाही म्हणायचं नाही. निघताना "जातो" म्हणायचं नाही, "जाऊन येतो" म्हणायचं. मी म्हटलं, अरे हे तर आमच्याकडे पण आहे. शेवटी म्हणाला, "अम्मा को मेरा पेपर का मत बोलना. बोलो, छुट्टी नहीं मिलता."

लंकेत सरकार आणि तमिळ वाघांची लढाई थांबलेली होती त्या दिवसांतली गोष्ट. एअरपोर्टच्या बाहेर आलो आणि बसमध्ये बसलो. ड्रायव्हरच्या डोक्यावर एका ओळीत बुद्ध, आपली मारिया आणि गणपती, तिघांच्या भोवती एकच लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. एक बल्ब गेला तर तिघं अंधारात. बाजूला टोपीवाले चाचा तमिळ पेपर वाचत होते. नाक्यानाक्यावर काचेच्या कपाटात देव, इथे संत, पलीकडे बुद्ध. मी प्रत्येकाला हात जोडत गेलो. कंडक्टरला वाटलं मी सुट्टे मागतोय.

गाव बघून मला वसईच आठवली. माड, चर्च, वाळूत वाळत घातलेली मासळी, तोच वास. सगळं ओळखीचं, फक्त भाषा एक अक्षर कळत नाही. आपल्याच घरी बहिरा होऊन आल्यासारखं.

अम्मा दारात उभी होती, हडकुळी, पांढऱ्या झग्यात. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. खाली बसली आणि बॉक्सच्या गाठी चाचपत राहिली. मग शेजारणीला काहीतरी म्हणाली. शेजारीण आठ-दहा वर्षं कुवेतला घरकाम करून आलेली, तिला मोडकं अरबी यायचं. मला पण मोडकंच. तेव्हा त्या बेटावर एक वसईकर आणि एक लंकेची बाई अरबीत बोलायला लागले.

ती म्हणाली, "अम्मा म्हणते, गाठ त्याचीच आहे."

मी म्हटलं, "हो, त्याचीच. आता सुरी द्या, सोडू या." मला घामाने भिजलेला शर्ट बदलायचा होता.

"नाही," शेजारीण म्हणाली. "तो आला की तो सोडणार."

मला आत नेलं. पलंगाच्या बाजूला तसलेच बॉक्स एकावर एक, भिंतीला लावून ठेवलेले. कुठल्या कुठल्या मस्कतवाल्यांनी आणलेले, सगळ्यांवर निळी दोरी, एकाचीही गाठ सुटलेली नाही. त्यावर मेणकापड, आणि सगळ्यात वर मारियाची मूर्ती. अम्माने मूर्ती उचलली, माझा बॉक्स वर चढवायला लावला, आणि मारिया पुन्हा वर ठेवली.

म्हणजे आता माझ्या चड्ड्यांवर मदर मेरी. हात कोण लावणार?

मी शेजारणीला समजवायला गेलो. कपडे, माझे, आत. शर्ट ओढून दाखवला, बॉक्सकडे बोट केलं, छातीवर हात मारला. शेजारणीने अम्माला सांगितलं. अम्माने माझा गाल चेपला आणि आतून मल्लीचा जुना शर्ट आणून दिला. नंतर कळलं, शेजारणीने सांगितलं होतं, हा म्हणतो बॉक्समधलं सगळं मनापासून आणलंय.

रात्री जेवायला जमिनीवर मांडी घातली आणि माझी एकुलती एक पँट मागून टर्रकन फाटली. मग अम्मा जी हसली, शेजारीण म्हणाली तिने हिला असं हसताना खूप दिवसांत बघितलं नव्हतं. चला, देवाने मला ज्या कामासाठी जन्माला घातलं ते तरी झालं. दुसऱ्या दिवशी मल्लीची पँट आली. तो काडी, मी भोपळा. वरचं बटण लागायचं नाही, खालून घोट्याच्या वर. पाण्यातून चालत आल्यासारखा दिसायचो.

बाजारात लुंगी मिळाली असती. पण मी पडवीत पाठमोरा बसलो की अम्मा मागे बसून बघत राहायची. एकदा तर तिने मागून कॉलर सरळ केली. मग मी लुंगी घेतली नाही.

रोज सकाळी नाक्यावरच्या फोनच्या दुकानात जायचो. दुकानदार मान हलवायचा. त्यांची मान हो ला पण हलते आणि नाही ला पण, त्यामुळे मी रोज थोडा वेळ खूश व्हायचो. फॅक्स नाही. व्हिसा नाही निघाला तर काय, हा विचार करत घरी यायचो, आणि घरी अम्मा भाताचा डोंगर घेऊन तयार. नारळाची चटणी, माशाचं कालवण. नाही म्हणायचं नाही. पँट अजून घट्ट.

आणि जेवण झालं की तिचा रोजचा प्रश्न. शेजारीण अरबीत करायची, "कधी येणार तो?"

मी म्हणायचो, "इन्शाल्ला."

हा शब्द मी मस्कतमध्ये अर्बाबच्या तोंडून ऐकलेला. पगार कधी? इन्शाल्ला. एसी कधी दुरुस्त होणार? इन्शाल्ला. तेव्हा मला फार राग यायचा. आता मीच अर्बाब झालो होतो.

एके दिवशी तिने मला हाताला धरून बॉक्सपाशी नेलं. मूर्ती उचलून पलंगावर ठेवली. माझ्या हातात मासळी कापायची सुरी दिली आणि काहीतरी विचारलं. शेजारीण दारात होती. ती म्हणाली, "अम्मा म्हणते, तो येणार नसेल तर तू काप. तुला माहीत असेल."

माझे सगळे कपडे एका दोरीच्या पलीकडे. मी सुरी धरून उभा. मल्लीला शब्द दिलेला. खरं बोलावं तर ही म्हातारी खचून खाली बसेल, खोटं बोलावं तर मारिया समोर पलंगावर. इतकी वर्षं तोंड चालवून जगलो, त्या दिवशी तोंडात अक्षर नाही. शेवटी मी सुरी खाली ठेवली आणि मूर्ती उचलून बॉक्सवर ठेवली. वाकडी ठेवली. अम्माने सरळ केली.

तिला काय समजलं कुणास ठाऊक. मी हो म्हटलं नव्हतं, आणि नाही पण नव्हतं म्हटलं.

फॅक्स आला. निघताना तिने तेलात तळलेल्या गोड वड्यांचा डबा दिला, मल्लीसाठी. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, जाऊन येतो. ती फाटकाला धरून उभी राहिली. हेच वाक्य म्हणून तो पण त्याच फाटकातून गेला असणार, हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं. माझं डोकं नेहमी एक स्टॉप उशिरा चालतं.

रुवीच्या खोलीत शिरलो तेव्हा मल्ली कांदा कापत होता. त्याने वर बघितलं. त्याचा शर्ट, त्याची पँट. सुरी हातात तशीच राहिली.

"तेरा कपडा किधर है, अय्या?"

"बॉक्समध्ये."

"खोला नहीं?"

"नाही. आधीचे पण नाही खोलले. सगळे ठेवलेत. म्हणते, तूच खोलायचे."

त्याला वाटत होतं तिकडे सगळे त्याचा साबण लावतात, त्याचं ब्लँकेट पांघरतात. तो कांद्याकडे बघत बसला. डोळ्यांना कांद्याचं निमित्त होतं. मग म्हणाला, "मैं तेरे को नया पँट लेके देगा. साइज बोलो."

मी म्हटलं, "नवीन नको. मला माझीच पाहिजे. तूच घेऊन ये."

"कैसे लाएगा? पोलीस पकडेगा."

"मला काय माहीत? मी चौथी नापास."

त्याने डबा उघडून एक वडी मला दिली, एक स्वतः घेतली. पुढे दर शुक्रवारी तो आईला फोन करून यायचा आणि म्हणायचा, "अय्या, नेक्स्ट इयर." मी म्हणायचो, "पँट." बाकीचे हसायचे, आम्ही पण हसायचो. मी ओमान सोडलं तेव्हा तो गॅरेजातच होता, गाडीखाली. निरोप द्यायला बाहेर आला, ग्रीसचे हात मागे धरून. त्याला मी म्हटलं, जाऊन येतो. त्याची ती आखूड पँट अजून माझ्या ट्रंकेत आहे. चढत नाही, पण टाकणार कशी? त्याच्या घरी माझी आहे ना.