वाळलेली कण्हेर

कण्हेरीत हृदय बंद पाडणारं ग्लायकोसाइड असतं, हे मी रोह्याच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. फळ्यावर पान काढायचं, खाली नाव लिहायचं, मुलांकडून घोकून घ्यायचं. निवृत्त झाल्यावर पेणजवळ जिते गावात रेल्वेच्या रुळांलगत घर बांधलं आणि कुंपणाला कण्हेरच लावली, कारण तिला शेळी तोंड लावत नाही. स्वतःच्या हुशारीवर मी भारी खूश होते.

घरात मी एकटी. मुलगा लांब, त्याचा फोन रविवारी. एरवी बोलायला होती ती वाडीवरची शेळीवाली, माझ्याच वयाची. रोज सकाळी दोन शेळ्या कुंपणाशी बांधून पडवीत टेकायची, चहा घ्यायची, सुनेची गाऱ्हाणी सांगायची. मी वरवर कंटाळा दाखवायचे. पण तिला उशीर झाला की चारदा फाटकापर्यंत जाऊन यायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला मी कण्हेर छाटली. भाताचं रोप पेरण्याआधी मागच्या वाफ्यावर राब भाजायचा होता, तेवढाच पालापाचोळा जाळायला होईल म्हणून फांद्या कुंपणाशीच वाळत टाकल्या. आठवड्याच्या आत तिची एक शेळी वाडीवर पोचता पोचता कोसळली आणि मेली.

"साप चावला असंल, बाई," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

ती गेल्यावर मी ढिगापाशी गेले. खालच्या फांद्या ओरबाडलेल्या होत्या. पेणच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हिरवी कण्हेर शेळी खात नाही, पण सुकलेली खाते, आणि विष तेवढंच राहतं. हे मी कधी शिकवलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. सगळ्या फांद्या मी खोल खड्ड्यात पुरल्या.

दुसऱ्या सकाळी ती उरलेली शेळी घेऊन आली. "बाई, हिला दिवसभर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. रानात भ्या वाटतं. हितं काय व्हायाचं नाय."

म्हणजे ती आता दिवसातून दोनदा येणार. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. तीन दिवस मी गप्प बसले, आणि ते तीन दिवस फार सुखाचे गेले, हेही लिहून टाकते.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "तुमी हाय म्हणून बरं हाय." मग मला राहवेना.

"साप नव्हता गो. माझ्या वाळलेल्या कण्हेरीनं गेली ती."

तिनं कप खाली ठेवला. "कवा कळलं तुमाला?"

"चार दिवस झाले."

"आनि मी हिला हितंच बांधत व्हते."

मेलेल्या शेळीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. दावं सोडलं आणि निघाली. आता ती रुळांच्या पलीकडून जाते. चहाला तरी ये, म्हणून मी निरोप धाडला. उत्तर आलं नाही. खरं बोलल्याचं समाधान वगैरे मला काही मिळालेलं नाही. मला ती हवी होती.