फेस लावण्याआधी बोला

आमचे हे न्हावी, आणि ऐकू जवळजवळ काहीच येत नाही. कानातलं यंत्र आवाज मोठा करतं, शब्द सुटे करत नाही; पंखा, नळ आणि मी, सगळे एकाच पट्टीत ओरडतो म्हणे. घरी जेवताना हे गप्प. सगळे हसले की मागाहून हसणार. हाका मारून माझा घसा बसायचा आणि शेवटी मी वैतागून म्हणायचे, "जाऊ दे, काही नाही." तेवढं मात्र त्यांना नेमकं कळायचं.

मग एका गिऱ्हाइकाची मिशी गेली. "मिशी ठेवा" असं तो म्हणाला होता, पण तोंडभर फेसातून. मुलाने त्याच दिवशी निकाल लावला, "बाबा, बस्स झालं. दुकान बंद करा." मीही मान डोलावली. ह्यांनी एवढंच विचारलं, "मग मी दिवसभर करू काय?"

दुसऱ्या दिवशी हे डबा विसरून दुकानात गेले, म्हणून मी तो द्यायला गेले आणि दारातच थबकले. खुर्चीतले मास्तर मुलीच्या परीक्षेचं रडगाणं गात होते आणि हे, हो, आमचेच हे, कात्री चालवत त्यांना सल्ले देत होते. मागच्या बाकावरून शिंप्याने टोमणा मारला, त्यालाही सव्याज परतफेड! मी पाऊल टाकलं तसे पाठमोरेच म्हणाले, "डबा ठेव तिथे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समोर भिंतभर आरसा. त्यात प्रत्येकाचं तोंड दिसतं, ओठ दिसतात. घरी आम्ही बोलायचो पाठ फिरवून, दुसऱ्या खोलीतून, घास चावता चावता. आणि बहिरे म्हणून नाव ह्यांचं! मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी मुलाला ठणकावलं, "दुकान चालूच राहणार. तू फक्त एक पाटी रंगवून दे." आता आरशावर लिहिलंय, 'काय हवं ते फेस लावण्याआधी बोला.' मिशीवालासुद्धा परत आला. आल्या आल्या आधी बोलून मोकळा झाला.

दुकानातला एक जुना आरसा मी घरी ओट्यासमोर लावून घेतला. काल भांडी घासताना पुटपुटले, "तुमचं दुकान बंद करायला निघाले होते. चुकलंच माझं."

"चुकलंच," मागे टेबलाशी बटाटे सोलत बसलेले हे म्हणाले.

मी दचकले. "जाऊ दे, काही नाही."

"जाऊ कसं दे? बोल पुढे. दिसतंय मला."